शिरोड्याचं खडे मीठ: दहा महिने आणि एक पावसाळा

माझं माहेर सिंधुदुर्गातल्या आरवलीचं. शिरोड्याची मिठागरं तिथून हाकेच्या अंतरावर. लहानपणी आमच्या घरात दुसरं मीठ नव्हतंच. लग्न होऊन ठाण्याला आले आणि पिशवीतलं पांढरं, सुळसुळीत मीठ अंगवळणी पडलं. एप्रिल 2025 मध्ये माहेरी गेले तेव्हा हौसेने दहा किलो खडे मीठ घेऊन आले. त्याच सुमारास ‘नैसर्गिक समुद्री मीठ’ असं छापलेलं एक महागडं पाकीटही ऑनलाइन मागवलं होतं. रोजचं आयोडीनवालं घरात होतंच. म्हणजे तीन मिठं, एकच स्वयंपाकघर आणि मध्ये एक पावसाळा. आता फेब्रुवारी चालू आहे, तेव्हा लिहायला हरकत नाही.

आधी खरेदीबद्दल, कारण माझी पहिली चूक तिथेच झाली. मिठागरावर गेलो तेव्हा ऊन कलतं होतं. खाडीचं भरतीचं पाणी बांधातून आत घेतात, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत उन्हावर आटवतात आणि शेवटी चिखल तुडवून घट्ट केलेल्या उथळ वाफ्यांत सोडतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सगळे क्षार मिळून साधारण 35 ग्रॅम असतात, त्यातलं आपलं खायचं मीठ सुमारे 27 ग्रॅम. पाणी आटून दहाव्या हिश्श्यावर आलं की हे मीठ खडे धरायला लागतं. चुन्याचे क्षार त्याच्या आधीच खाली बसलेले असतात. मॅग्नेशियमचे क्षार मात्र शेवटपर्यंत पाण्यातच राहतात, आणि कडू असतात तेच. म्हणून चांगला मिठागरवाला वाफा पूर्ण कोरडा होऊ देत नाही. खडा धरला की लांब दांड्याच्या लाकडी फळीने मीठ बांधाकडे ओढून घेतो, उरलेलं कडू पाणी काढून टाकतो आणि नवं घेतो. हाव धरून सगळं पाणी सुकवलं तर वजन वाढतं, पण त्या मिठाची आमटी कडवट लागते.

बांधावर दोन ढीग होते. एक ताजा, उन्हात चमचमणारा. दुसरा झावळ्यांनी शाकारलेला, करड्या रंगाचा, दिसायला अगदीच गरीब. मी अर्थातच चमचमणारा दाखवला. तिथल्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, “बाय गो, ह्या मीठ अजून रडता. गेल्या वर्साचा व्हया तर बग.” मला वाटलं, जुना माल खपवतायत. वीस रुपये किलोने ताजंच घेतलं. वहिनी गप्प राहिली. तिला माहीत असणार, पण शहरातल्या नणंदेला कोण सांगणार!

‘रडता’ म्हणजे काय ते जूनमध्ये कळलं. खरं तर मे महिन्यातच, कारण गेल्या वर्षी पाऊस मुंबईत 26 मेलाच येऊन ठेपला. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ओट्याखाली ठेवलेलं मीठ तळाशी पाणी सोडायला लागलं आणि फडताळाची फळी फुगली. मग मी दुसरा शहाणपणा केला, मीठ स्टीलच्या मोठ्या डब्यात काढलं. दीड महिन्यात डब्याच्या बुडाला टाचणीएवढी तीन भोकं. आईकडे मिठाला कायम चिनी मातीची बरणी आणि आत करवंटीचा डाव होता. तो शोभेचा नव्हता, हे पन्नाशीला आल्यावर माझ्या डोक्यात शिरलं.

शेवटी बांबूची टोपली आणली, ती पातेल्यावर टेकवली, मीठ त्यात ओतलं आणि वरून सुती फडकं टाकलं. पंधरवड्यात पातेल्यात जवळजवळ दोन वाट्या पिवळसर, जाडसर पाणी जमलं. बोटाला लावून चाटलं. कारल्याच्या रसात मीठ घालावं तसं काहीतरी, आणि चव जाता जाईना. मॅग्नेशियम क्लोराइड हवेतला ओलावा ओढून घेतं आणि स्वतःच त्यात विरघळून गळून जातं. उरतो तो शुद्ध, बिनकडू खडा. म्हणजे झावळ्यांखालचा तो करडा ढीग एक पावसाळा रडून मोकळा झालेला होता. जास्त चांगलं मीठ तेच होतं. ऑक्टोबरनंतर माझंही मीठ तसं झालं: कोरडं, कडकडीत, चवीला स्वच्छ. ज्या मिठाला मी जुलैत शिव्या घालत होते तेच दिवाळीत मला आवडायला लागलं.

आता वापर. लोणच्याला या मिठाला तोड नाही, हे मी तिन्ही मिठं वापरून सांगते आहे. कैरीच्या एक-एक किलो फोडींच्या तीन बरण्या घातल्या, प्रत्येकीत 175 ग्रॅम मीठ, कढईत कोरडं भाजून गार केलेलं. खडे मिठाच्या बरणीतल्या फोडी अजून दाताखाली कुरकुरतात, पाकिटातल्या बारीक मिठाच्या सप्टेंबरपर्यंत मऊ पडल्या. समुद्री मिठात थोडे चुन्याचे क्षार राहतात आणि ते फोडीला धरून ठेवतात, असं त्यामागचं कारण आहे. अर्थात कैऱ्या एकाच झाडाच्या असल्या तरी एकाच दिवशीच्या नव्हत्या, हेही प्रामाणिकपणे सांगते. इथे एक महत्त्वाची गोष्ट: खडे मीठ वाटीने मोजू नका. माझ्या वजनकाट्यावर बारीक मिठाचा सपाट चमचा सहा ग्रॅमच्या आसपास भरतो, खड्यांचा चारच. आजीची वाटी आणि पाकिटातलं मीठ अशी जोडी जमवली की लोणचं खारट होणारच. मग आपण आजीला दोष देतो.

मिठाच्या पाण्यातल्या कैऱ्या, खारातले गरे, बांगडे सुकवण्याआधी खारवणं, मासे चोळून धुणं या सगळ्याला हेच मीठ. पेजेत, कुळथाच्या पिठल्यात, सोलकढीतही चालतं. पेरूवर किंवा कैरीच्या फोडीवर खलबत्त्यात भरडून टाकलं की मजा वेगळीच, कारण खडा जिभेवर सावकाश विरघळतो.

पण आमटीत? रविवारी घरातल्या पाच जणांना एकाच तुरीच्या तीन वाट्या दिल्या, वजन करून घातलेल्या तीन मिठांच्या. एकालाही ओळखता आलं नाही. माझा नवरा “ही शिरोड्याची!” असं छातीठोकपणे म्हणाला, ती नेमकी पिशवीतल्या मिठाची निघाली. पाण्यात विरघळलं की मीठ ते मीठ. कोशिंबिरीत आणि ताकात तर खडे मीठ नकोच. नीट न विरघळलेला खडा आणि मध्येच मातीची कचकच.

मातीबद्दल घाबरू नका, पण तपासा. पेलाभर पाण्यात दोन चमचे मीठ ढवळून दहा मिनिटं ठेवायचं. माझ्या मिठात तळाला राखाडी रेघ बसते, वाफ्याच्या तळातली चिकणमाती. ढिगाच्या वरच्या थरातलं मीठ मागितलं तर ही रेघ कमी होते, तळातलं जास्त मळकट. मी आता आठवड्याचं मीठ एकदम पाण्यात विरघळवून दुहेरी पंच्यातून गाळते आणि काचेच्या बाटलीत भरून ठेवते. भाजी-आमटीला तेच पाणी. आयआयटी मुंबईच्या 2018 च्या अभ्यासात आपल्याकडच्या पॅकेटबंद मिठातही प्लास्टिकचे सूक्ष्म कण सापडले होते, तेव्हा खाडी आणि पिशवी यांत सोवळं-ओवळं करण्यात अर्थ नाही. गाळणं मात्र सोपं आहे.

महागड्या पाकिटाची गंमत सांगते. वर लिहिलं होतं, ऐंशीच्या वर खनिजं. आत मीठ कसं? पांढरं शुभ्र, मोकळं, भर जुलैतही गोळा न होणारं. अहो, मिठात खनिजं भरपूर राहिली असती तर ते माझ्या मिठासारखं रडलं असतं! खनिजांची श्रीमंती आणि सुळसुळीतपणा एका पिशवीत नांदत नाहीत. आणि राहिली तरी ती इतकी थोडी की शरीराला उपयोग व्हावा एवढी मिळवायला मीठ पोटाला झेपणार नाही इतकं खावं लागेल. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, ते सगळ्या मिठांना सारखंच लागू आहे. अर्ध्या किलोला 180 रुपये मोजले. पुन्हा नाही.

आणि ज्यामुळे मी घरातलं आयोडीनवालं मीठ बंद केलेलं नाही ते: समुद्राचं असलं तरी या मिठात आयोडीन नावापुरतंच असतं. लोकांना उलटं वाटतं. मलाही वाटायचं. दुकानातल्या आयोडीनयुक्त मिठात किलोमागे किमान 15 मिलिग्रॅम आयोडीन असावं लागतं, आणि थेट खाण्यासाठी आयोडीन नसलेलं मीठ विकायला देशात कायद्यानेच मनाई आहे. त्यामुळे मिठागरावर मागताना “लोणच्याला” किंवा “मासळीला” असंच म्हणतात. आमच्या सासूबाईंची थायरॉईडची गोळी चालू आहे. त्यांच्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले रोजचं मीठ बदलू नका. घरात सून गरोदर आहे, त्यामुळे मीही तो हट्ट धरला नाही. वाटणी अशी झाली: पानात आणि कोशिंबिरीत पिशवीतलं, बरणीत आणि मासळीला शिरोड्याचं, आमटी-भाजीला आठवड्यातून दोन-तीन दिवस ते गाळलेलं पाणी. एवढं पुरतं.

शिरोड्याच्या याच आगरांत 1930 च्या मे महिन्यात लोकांनी मूठभर मिठासाठी लाठ्या खाल्ल्या. आज वहिनी सांगते, चिखलात उभं राहायला माणसं मिळत नाहीत, आणि मे महिन्यातला एक अवेळी पाऊस सगळा ढीग पाण्यात घालवतो. वीस रुपये किलो हा भाव मला आता लाजिरवाणा वाटतो. घासाघीस केली नव्हती, एवढंच समाधान.

दहा किलोतलं सव्वादोन किलो उरलं आहे, बाकी गळण्यात, लोणच्यात आणि शेजारणींत गेलं. येत्या एप्रिलला पाच किलोच आणणार, झावळ्यांखालचं. वहिनीला फोन करून सांगितलंय, त्या बाईंना म्हणावं करडा ढीग थोडा राखून ठेवा. वहिनी म्हणाली, “कळला मां आता?”