व्हिप्लॅश: सिनेमा अव्वल, पण फ्लेचर गुरू नव्हे

लयीवर बेतलेला इतका ताकदीचा सिनेमा मी दुसरा पाहिलेला नाही. 2014 सालचा, डेमियन शॅझेलने लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला. मात्र तो बघून बरेच जण भलत्याच माणसाला टाळ्या देतात. मी सोलापुरात बाळीवेशीजवळ तबल्याचा क्लास चालवतो. विशारद या वरच्या परीक्षेला बसलेली माझी पोरं हा सिनेमा बघून आली आणि म्हणाली, "सर, गुरू असावा तर असा." ते ऐकल्यापासून स्वस्थ बसवेना, म्हणून लिहितोय.

गोष्ट थोडक्यात सांगतो. अँड्र्यू नीमन (माइल्स टेलर) हा 19 वर्षांचा पोरगा न्यूयॉर्कमधल्या एका नामवंत संगीत विद्यालयात ड्रम शिकतो. विद्यालय काल्पनिक आहे. तिथला टेरेन्स फ्लेचर (जे. के. सिमन्स) त्याला आपल्या जॅझ बँडमध्ये घेतो आणि मग त्याला पिळून काढतो. शिव्या, थपडा, खुर्ची फेकून मारणं, सगळं होतं. पोरगं प्रेम तोडतं, बापापासून लांब जातं, अपघातात रक्तबंबाळ होऊनही स्टेजवर येऊन बसतं.

पहिल्या तालमीचा प्रसंग नीट बघा. सुट्टीत फ्लेचर त्याला बाजूला घेतो, घरची विचारपूस करतो. आई लहानपणीच सोडून गेली, बाप लेखक व्हायला निघालेला शिक्षक झाला, हे काढून घेतो. वर सांगतो की सैल राहा, मजा कर. आणि थोड्याच वेळात तीच माहिती सगळ्या बँडसमोर त्या पोराच्या तोंडावर मारतो. लय पळाली की रेंगाळली, हे विचारत थपडा देतो. बसवायची रचना हँक लेव्हीची 'व्हिप्लॅश', बरीचशी सात मात्रांची. रूपक हा आपला सात मात्रांचा ताल वाजवणाऱ्याच्या कानाला तो सातचा तोल लगेच कळेल, आपल्यासारखी खाली-भरी (रिकाम्या आणि टाळीच्या जागा) नसली तरी. सात मात्रांत नवख्याची लय हलणारच. माझ्याकडे हलली तर मी ठेका (तालाचे ठरलेले बोल) निम्म्या लयीत आणतो, टाळी देऊन तोंडाने म्हणून घेतो, लहऱ्यावर (सतत वाजणाऱ्या साथीच्या धुनेवर) बसवतो, मग दुगुन, म्हणजे दुप्पट वेग. हे करायला वेळ लागतो, पण शिकवणं म्हणतात ते हेच. फ्लेचर यातलं काहीही करत नाही. चुकलास, एवढंच सांगतो. कसं सुधारायचं ते अख्ख्या सिनेमात त्याच्या तोंडून येत नाही.

हाताच्या रक्ताचंही तसंच. अँड्र्यू बोटांना पट्ट्या चिकटवतो, फुटलेला हात बर्फाच्या पाण्यात बुडवतो, पुन्हा वाजवायला बसतो. पडद्यावर अंगावर काटा येतो, खरंय. पण हात असा फाटतो तेव्हा काठी आवळून धरलेली असते, मनगट लाकडासारखं झालेलं असतं. तबल्यावरही भीतीने खांदा वर चढला की तिरकिट हा जलद बोल अडखळतो, 'ना' हा बोल चाटेवर (कडेच्या चामड्याच्या पट्टीवर) न पडता काठावर ठक्क वाजतं. द्रुत वाजवायचं तर हात सैलच हवा. म्हणजे ज्या वेगासाठी हा माणूस पोराला घाबरवतो, तोच वेग भीती मारून टाकते.

मला सगळ्यात जास्त छळणारा प्रसंग मात्र अँड्र्यूचा नाहीच. ट्रॉम्बोन हे फुंकून वाजवायचं पितळी वाद्य वाजवणारा एक गुबगुबीत पोरगा आहे. फ्लेचर त्याच्यावर डोळे रोखून विचारतो, तू बेसूर आहेस का? पोरगा भेदरून "हो" म्हणतो. त्याला हाकलून दिल्यावर फ्लेचर शांतपणे सांगतो की बेसूर तो नव्हताच, शेजारचा होता. पण त्याला स्वतःला कळलं नाही, तेवढं पुरे. बघताना मला माझ्या क्लासमधला एक मुलगा आठवला. दुसरीकडे शिकून माझ्याकडे आलेला, पूर्व भागातला, घरात तेलुगू बोलणारा. बोटाची ठेवण दाखवायला मी पुढे वाकलो की तो दोन्ही हात झटकन मांडीखाली घ्यायचा. लय त्याची चांगली होती; पण विचारलं की आधी "चुकलं सर" म्हणायचा, मग वाजवायचा. त्याचे वडील टॉवेलच्या कारखान्यात. पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "सर, लागलं तर दोन लावा, पण हात बसला पाहिजे." पोराचं भलं व्हावं म्हणूनच म्हणाले, यात शंका नाही. पण अशा आईबापांनी हा सिनेमा बघून फ्लेचरलाच खरा मानलं, तर मला काळजी वाटते.

फ्लेचर आपल्या बाजूने थोर जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करचा दाखला देतो: ड्रमवादक जो जोन्सने त्याच्या डोक्यावर झांज फेकली, मुंडकंच उडायचं, म्हणून तो मोठा झाला. खरी हकीकत 1936 ची, कॅन्सस सिटीतली, आणि तिथे झांज पोराच्या पायाशी टाकली होती, वाजवणं थांबवायला. अपमान झालाच. पण पुढच्या उन्हाळ्यात पार्करने बाहेरगावी मुक्काम ठोकून सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगच्या रेकॉर्डी ऐकून ऐकून त्याचं वादन हातात उतरवलं. त्याला घडवलं ते त्या रेकॉर्डींनी आणि रियाजाने.

शेवट सांगतो, ज्यांनी पाहिला नाही त्यांनी हा परिच्छेद सोडावा. फ्लेचर भर कार्यक्रमात अँड्र्यूला तोंडघशी पाडतो, अँड्र्यू परत येऊन बसतो आणि स्वतःच 'कॅरव्हान' ही रचना सुरू करतो. पुढची काही मिनिटं श्वास घेता येत नाही. त्या सोलोत झांजेचा स्टँड कलतो आणि फ्लेचर तो हाताने सरळ करून देतो. मला तरी त्याने शिष्यासाठी केलेलं कामाचं काम आठवतं ते हे एकच. आणि त्या क्षणी विंगेतून बघणाऱ्या बापाच्या चेहऱ्यावर अभिमानापेक्षा धास्ती जास्त आहे.

सिमन्सला सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं, शिवाय संकलन आणि ध्वनिमिश्रण, अशी तीन. तिन्ही रास्त. संकलक टॉम क्रॉसचे कट समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) पडतात, काठी, घाम, झांज, डोळे. फक्त 19 दिवसांत चित्रीकरण झालंय, पटत नाही. पावणेदोन तासांचा आहे. मोबाइलच्या स्पीकरवर बघू नका, चांगले हेडफोन लावा, नाहीतर झांजेची आस (मागे रेंगाळणारा नाद) ऐकूच येणार नाही.

शिव्या फार घाणेरड्या आहेत, प्रवेशिकेच्या, म्हणजे सुरुवातीच्या परीक्षांच्या, वयाच्या पोरांना दाखवू नका. विशारदच्या पोरांसोबत मी परीक्षेनंतर पुन्हा बघणार आहे. ट्रॉम्बोनवाल्या पोरापाशी सिनेमा थांबवून एवढंच विचारणार आहे, की या जागी तुम्ही शिकवायला असता तर त्याला काय वाजवायला लावलं असतं?