एक्सपीएस फोम : मिनिएचर घरांच्या भिंतींसाठी पैसा वसूल

२८ मिमी मिनिएचर्ससाठी (टेबलावरच्या गेममधल्या छोट्या मूर्ती) घरं, बुरुज, पडक्या भिंती स्वतः बनवायच्या असतील तर सरळ एक्सपीएस फोम (एक्स्ट्रुडेड पॉलिस्टायरीन) घ्या, पॅकिंगमध्ये येतो तो पांढरा दाणेदार थर्माकोल नको, कापला की दाणे सुटतात आणि कड काही साफ येत नाही. एक्सपीएस एकदम एकजीव असतो, ब्लेड नवीन असेल तर लोण्यासारखा कापला जातो, पण ब्लेड जरा बोथट झालं की फोम ओढला जाऊन फाटतो, त्यामुळे ब्लेड बदलायला कंजुषी करू नका.

खरी मजा टेक्स्चरमध्ये आहे! बॉलपेनने दाबून दगडांच्या रेघा काढायच्या, मग अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला बोळा त्यावर दाबून फिरवायचा, एखाददुसरा दगड बोटाने किंचित आत ढकलायचा, बास, सपाट तुकड्याची जुनी दगडी भिंत झाली. मला तर हा भाग रंगकामापेक्षाही जास्त आवडतो.

प्रॉब्लेम एकच पण मोठा, स्प्रे प्राइमर (रंगाआधीचं अस्तर) डायरेक्ट मारला की त्यातल्या सॉल्व्हंटने फोम विरघळतो. म्हणून आधी काळा अ‍ॅक्रिलिक रंग आणि पीव्हीए ग्लू (फेविकॉलसारखा पांढरा गोंद) मिसळून ब्रशने कोट द्यायचा, खिडक्यांच्या आतल्या कडासुद्धा सोडायच्या नाहीत, त्याने वरचा थर कडकही होतो. पुढे करडा बेस, ड्रायब्रश (जवळपास कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिकट रंग), सांध्यांत तपकिरी वॉश (पातळ केलेला रंग), नेहमीचंच.

चिकटवायलाही पीव्हीएच, फक्त वाळायला वेळ लागतो तोवर टाचण्या टोचून ठेवा. दाराच्या चौकटी, खिडक्यांचे गज वगैरे बारीक कामाला मात्र हा फोम घेऊ नका, पटकन तुटतो, तिथे लाकडी काड्या किंवा जाड कार्डच बरं.