कॅसिओ एफएक्स-९९१ईएस प्लस : ऋण संख्या शिकण्यासाठी कसा आहे?

अभियांत्रिकी पदविकेच्या पहिल्या वर्षाला गणित शिकवताना मी अनेक वर्षे हा कॅल्क्युलेटर वापरत आलो आहे. त्याच्या ४१७ फंक्शन्सची चर्चा येथे करायची नाही; ऋण संख्या आणि क्रियांचा क्रम समजून घेण्यासाठी तो विद्यार्थ्याच्या किती उपयोगी पडतो, एवढेच पाहायचे आहे.

दरवर्षी वर्गात कोणीतरी −३² दाबतो, पडद्यावर −९ येते आणि यंत्र बिघडल्याची तक्रार माझ्याकडे येते. यंत्र बिघडलेले नसते. घात आधी आणि ऋण चिन्ह नंतर हा बीजगणितातला संकेत ते पाळते. ९ हवे असतील तर (−३)² असा कंस द्यावा लागतो, आणि माहितीपुस्तिकेतही तसे सांगितले आहे. विद्यार्थ्याच्या मनात मात्र ‘वजा तीन’ ही एकसंध संख्या असते, आणि शाळेत पाठ केलेल्या ‘कंचेभागुबेव’मध्ये घाताला किंवा ऋण चिन्हाला जागाच नाही. शिवाय त्यातला ‘बे’ ‘व’च्या आधी येत असल्यामुळे १० − ४ + ३ चे उत्तर काही जण ३ काढतात, कॅल्क्युलेटर ९ दाखवतो, कारण बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवरच्या क्रिया असून त्या डावीकडून उजवीकडे करायच्या असतात.

ऋण संख्येला कंस न देण्याची ही चूक सर्वांत महाग पडते ती विवेचक काढताना, म्हणजे वर्गसमीकरणाची मुळे (उत्तरे) वास्तव आहेत की नाहीत हे सांगणारी बी² − ४एसी ही राशी काढताना. एक्स² − ५एक्स + ६ = ० या समीकरणात ‘बी’ची किंमत −५ आहे. −५² − ४ × १ × ६ असे दाबले की −४९ येते आणि मुळे वास्तव नाहीत असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात विवेचक १ असून मुळे २ आणि ३ आहेत. येथे ‘कॅल्क’ ही कळ मला फार मोलाची वाटते. बी² − ४एसी हे सूत्र अक्षरांसह भरून ती दाबली की यंत्र एकेक किंमत विचारते, आणि ‘बी’साठी −५ दिल्यावर बरोबर १ हे उत्तर येते, कारण अक्षरात साठवलेली ऋण संख्या कंसात असल्यासारखी वागते. दोन्ही रीती लागोपाठ करून दाखवल्या की कंसाची गरज वेगळी समजावावी लागत नाही.

वजाबाकीची आणि ऋण चिन्हाची कळ वेगळी आहे, हेही चांगलेच आहे. उत्तर पडद्यावर असताना पहिली दाबली तर त्या उत्तरातूनच वजाबाकी सुरू होते, दुसरी दाबली तर नवे गणित सुरू होते. भरलेली राशी उत्तराबरोबर दिसत राहते आणि बाणाच्या कळीने मागे जाऊन राहिलेला कंस घालता येतो. दुकानातल्या हिशेबाच्या साध्या कॅल्क्युलेटरवर २ + ३ × ४ चे २० येतात आणि चूक शोधायला मागे काहीच उरत नाही.

एका गोष्टीत मात्र सावध राहावे. ६ ÷ २(१ + २) चे उत्तर हे यंत्र १ देते, गुणाकाराचे चिन्ह घातले तर ९ देते. न लिहिलेल्या गुणाकाराला ते भागाकाराच्या आधी धरते. आणि संगणकावर एक्सेलमध्ये कंसाशिवाय वजा तीनचा दुसरा घात लिहिला तर −९ नव्हे, ९ येतात, म्हणून या कॅल्क्युलेटरवर पडताळलेले सूत्र तिकडे नेताना मी विद्यार्थ्यांना प्रत्येक ऋण किंमत कंसातच लिहायला लावतो.