पाटी नसलेले गॅरेज आणि टीटीचा हाय प्रेशर पंप

समृद्धी महामार्गावर जालन्याहून परतताना एका कंटेनरला ओलांडण्यासाठी मी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला आणि माझी 2008 सालची ऑडी टीटी चार हजार आरपीएमच्या पुढे जायलाच तयार होईना. शहरात हळू चालवताना गाडी अगदी शहाण्यासारखी वागायची. जोर मागितला की मात्र धक्के द्यायची, इंजिनाचा पिवळा दिवा लागायचा आणि स्कॅनरवर पी0087 हा कोड यायचा. इंधनाच्या रेलमधला, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला, दाब कमी पडतो आहे, एवढाच त्याचा अर्थ. तो का कमी पडतो, हे कोड सांगत नाही आणि माझे पैसे वाया गेले ते नेमके इथेच.

शेंद्र्याला ऑडीच्या गाड्या जोडल्या जातात म्हणून आमच्या छत्रपती संभाजीनगरात टीटी कोणीही दुरुस्त करील, असा बाहेरच्यांचा समज असतो. परंतु टीटी आपल्याकडे पूर्ण तयार होऊनच आयात झाली आणि तिचे इंजिन उघडलेले हात येथे मोजकेच आहेत. मी आधी गाडी दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. त्यांनी कोड वाचला, टाकीतला पंप बदलला, बिल हातात ठेवले. तीनशे किलोमीटरमध्ये दिवा पुन्हा लागला. टाकीतल्या पंपाचा दाब बदलण्यापूर्वी मोजला होता का, या माझ्या प्रश्नाला त्यांच्याकडून आजवर उत्तर आलेले नाही.

त्यानंतर एका मित्राच्या सांगण्यावरून मी चिकलठाणा एमआयडीसीतल्या या गॅरेजमध्ये गेलो. दोन लेथच्या दुकानांच्या मधे, एकच शटर, वर पाटी नाही. गॅरेज चालवणाऱ्यांना सगळे ‘उस्ताद’ म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. त्यांनी पहिल्या दिवशी एकही नट सैल केला नाही. टाकीकडून येणाऱ्या लाइनला गेज लावून दाब पाहिला, तो व्यवस्थित निघाला. मग शेजारी बसून मला गाडी चालवायला लावली आणि मांडीवरच्या स्कॅनरमध्ये रेलचा दाब पाहत राहिले. पाय दाबताच आकडा चढण्याऐवजी घसरत होता. “साहेब, पंप तर जाणारच, पण त्याला कोणी खाल्लं ते आधी बघू,” असे म्हणून त्यांनी गाडी रात्रभर थंड होण्यासाठी ठेवून घेतली.

या दोन लिटरच्या पहिल्या टीएफएसआय (टर्बो आणि थेट सिलिंडरात पेट्रोल फवारणाऱ्या) इंजिनात टाकीकडून आलेल्या पेट्रोलचा दाब वाढवणारा हाय प्रेशर पंप हेडवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागावर बसतो आणि इनटेक कॅमशाफ्टवर, म्हणजे हवा आत घेणारे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्यावर चालतो. कॅम आणि पंपाची दांडी यांच्यामध्ये एक छोटी, उलट्या वाटीसारखी टॅपेट असते आणि कॅमचा उंचवटा तिच्या पाठीवर सतत घासत राहतो. पाठीवरचा कठीण काळा थर झिजला की पोलाद झिजते, पोलादाला भोक पडले की दांडीच कॅमवर घासू लागते. नंतरच्या पिढीच्या इंजिनात तिथे रोलर दिला आहे, त्यामुळे नव्या गाड्यांच्या मालकांनी उगाच घाबरू नये. आमच्यासारख्या जुन्या गाड्यांच्या मालकांनी मात्र ही टॅपेट दर पंधरा-वीस हजार किलोमीटरला काढून पाहावी. मी ती कधीच पाहिली नव्हती, हा दोष माझा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टाकीतल्या पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवले, बॅटरी सोडवली आणि दाबाच्या पाइपाभोवती फडके गुंडाळूनच जोड हळूहळू सैल केला. पंपाखालची स्प्रिंग दाबलेली असते, म्हणून तिन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे फिरवले. पंप वर आला आणि टॅपेट त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. पाठीचा काळा थर नाहीसा होऊन ती बशीसारखी खोलगट, आरशासारखी चकचकीत झाली होती आणि मधोमध आरपार भोक होते, त्यातून माझ्या हातावरची रेषा दिसत होती. पंपाच्या दांडीचे टोकही तिरके घासलेले होते.

टॅपेट तशीच ठेवून नुसता नवा पंप बसवला असता, तर नव्या दांडीचीही तीच गत झाली असती. त्यांनी दोन्ही बदलले. आत दिवा आणि छोटा आरसा घालून कॅमचे उंचवटे मला दाखवले. चरे होते, कडा मात्र शाबूत होत्या. ऑइल बदलून जुने फिल्टर कापले आणि त्याच्या घड्यांत चकाकणारा चुरा आहे का, हेही चुंबक फिरवून पाहिले. थोडा चुरा निघाला. कॅमची खात्री देत नाही, दोन हजार किलोमीटरनंतर पुन्हा उघडून पाहू, असे त्यांनी साफ सांगितले. मला हा स्पष्टपणा गोड हमीपेक्षा अधिक विश्वासाचा वाटला.

तक्रारी आहेत. सुटे भाग मुंबईहून यायला नऊ दिवस लागले आणि त्या काळात त्यांनी एकदाही स्वतःहून फोन केला नाही. बसायला एक लोखंडी स्टूल आहे. उघड्या हेडवर स्वच्छ कापड टाकले होते हे खरे, पण समोरून ट्रक जात असताना शटर अर्धे तरी खाली ओढायला हवे होते. मजुरीचे साडेसहा हजार मला वाजवी वाटले. भागांची मूळ बिले आणि जुने भाग त्यांनी न मागता पिशवीत घालून दिले.

आता सावंगीच्या उतरणीपर्यंत गाडी सरळ ओढते. पूर्ण जोरात रेलचा दाब शंभर बारच्या वर टिकतो, हे मी स्कॅनर लावून स्वतः पाहिले आहे. दोन हजार किलोमीटर भरायला अजून चारशे बाकी आहेत. टॅपेट पाहण्यासाठी रविवारची वेळ घेतली आहे, त्याचे पैसे घेणार नाही असे उस्ताद म्हणाले आहेत.