सीडरच्या बारा दांड्या: लाकूड अव्वल, बाकी जेमतेम

लाकडी बाण घरी बनवणाऱ्यांसाठी ऑनलाइन मिळणारा हा संच. आत 11/32 इंच जाडीच्या पोर्ट ऑरफर्ड सीडरच्या 12 दांड्या, प्लॅस्टिकचे नॉक (बाणाच्या मागच्या टोकाला बसणारे, दोरी अडकवायची खाच असलेले), 125 ग्रेनची (सुमारे 8 ग्रॅमची) टोकं, 4 इंची पिसं, गोंदाची ट्यूब आणि टेपर, म्हणजे दांडीच्या टोकांचा निमुळता उतार, कापायला शार्पनरसारखं अवजार.

लाकडाबद्दल तक्रार नाही. शिरा सरळ, गाठ एकही नाही. पण पाकिटावरच्या ‘45-50 पाउंड’ या स्पाइनवर (दांडीच्या ताठपणाच्या आकड्यावर) डोळे मिटून विसंबू नका. मोजायला यंत्र लागत नाही: 66 सेंटिमीटर अंतरावर दोन खिळे, त्यांवर दांडी, मधोमध 907 ग्रॅम वजन. दांडी जितके मिलिमीटर वाकेल त्याने 660 ला भागा, स्पाइन पाउंडात मिळते. म्हणजे वाक 13.2 ते 14.7 मिलिमीटरच्या आत हवा. या संचातल्या तीन दांड्या 16 च्या पुढे गेल्या, म्हणजे जेमतेम 40 पाउंड. मोजताना दांडीच्या कापलेल्या टोकावर दिसणाऱ्या लाकडाच्या वलयांच्या रेषा उभ्या ठेवा, नाहीतर आकडा फसवा येतो.

नॉकची खाच या रेषांना काटकोनात हवी, म्हणजे दांडीची ताठ बाजू धनुष्याला लागते. संचासोबतच्या कागदावर याचा उल्लेखच नाही!

अवजार टोकासाठी 5 अंश आणि नॉकसाठी 11 अंश बरोबर कापतं, मात्र पातं बोथट. आधी धार लावा. पावसाळ्यात फुगलेली दांडी त्याच्या भोकात अडकते, तेव्हा कापण्याचं काम मे महिन्यातच उरका. पिसांत डाव्या-उजव्या पंखांची सरमिसळ आहे. एका बाणावर तिन्ही एकाच बाजूची लावा. गोंद टाकाऊच. टोकं हॉट-मेल्टने (गरम करून वितळणाऱ्या गोंदाने) बसवा, वाकडी बसली तर गरम करून फिरवता येतात.

व्हार्निश संचात नाही, आणि गोव्यात त्यावाचून भागत नाही. पॉलीयुरेथेनचे तीन हात द्या, पहिला पातळ करून. नॉकचा टेपर मात्र कोरा ठेवा, व्हार्निशवर गोंद धरत नाही. भिंतीला टेकवून ठेवलेला बाण चवथीपर्यंत धनुकली होतो, उभा टांगा.

बाण आपल्या धनुष्याशी जुळतो का, हे बघायचं बिनपिसांच्या बाणाने, 10 मीटरवरून. उजव्या हाताने मारणाऱ्याचा बाण पिसांच्या बाणांच्या डावीकडे लागला तर दांडी ताठ, उजवीकडे लागला तर मऊ. ताठ असेल तर टोक जड करा किंवा दांडी घासून बारीक करा. मऊ असेल तर टोक हलकं करा किंवा दांडी थोडी कापा. कापताना एका वेळी पाव इंच पुरे. प्रत्येक बाण मारण्याआधी हाताने वाकवून चीर आहे का बघा, विशेषतः तिरका आदळलेला.

दांड्या सुट्या मिळाल्या तर त्याच घ्या.