फ्लॅव्हिओ आणि लॅम्डा-बी: कुठे विसंबावं, कुठे नाही

फ्लॅव्हिओ हे कणांच्या क्षयाची भाकितं काढणारं पायथन पॅकेज, मुळात बी-मेसॉनवाल्यांचं हत्यार. बॅरिऑनची, म्हणजे तीन क्वार्कच्या कणांची, सोय त्यात मोजकीच. पण लॅम्डा-बी या बी-क्वार्कवाल्या बॅरिऑनपासून लॅम्डा आणि म्युऑनची जोडी मिळते त्या क्षयाचा हिशेब करायचा असेल, तर सगळं गणित पुन्हा मांडत बसायचं कारण नाही. पिपने एका ओळीत इन्स्टॉल होतं, स्टँडर्ड मॉडेलचं भाकीत एका फंक्शनमध्ये मिळतं. नवं भौतिकी तपासायचं तर विल्सन पॅकेजमधून सी-9 (या क्षयाची ताकद ठरवणाऱ्या गुणांकांपैकी एक) द्यायचा, आणि तोही फक्त नवा वाटा, उदाहरणार्थ उणे 1. स्टँडर्ड मॉडेलचे सुमारे 4.2 आत आधीच धरलेले असतात; तेही भरले की उत्तराचा विचका.

क्यू-वर्ग म्हणजे म्युऑनच्या जोडीच्या वस्तुमानाचा वर्ग; त्याच्या एकेका पट्ट्याचं, म्हणजे बिनचं, उत्तर दर जीईव्ही-वर्गामागे येतं. 15 ते 20 या बिनचं एकूण प्रमाण हवं असेल तर 5 ने गुणा.

अनिश्चितता काढणारं फंक्शन, वेगळं काही सांगितलं नाही तर, 100 यादृच्छिक नमुने घेतं. म्हणजे त्या अनिश्चिततेतच सुमारे 7 टक्के डळमळ. प्रबंधात छापायचा आकडा असेल तर निदान 1000 घ्या. वेळ लागतो, पण लागू द्या.

खरी मेख इनपुटमध्ये आहे. लॅम्डाचे प्रोटॉन आणि पायॉन होतात त्या क्षयाचा अल्फा (त्यातली असममिती सांगणारा आकडा) वर्षानुवर्षं 0.642 धरला जायचा. 2019 मध्ये बेस-3 या चिनी प्रयोगाने 0.750 मोजला. हॅड्रॉनच्या (इथे प्रोटॉन-पायॉनच्या) बाजूची पुढे-मागे असममिती, म्हणजे कण पुढे किती आणि मागे किती जातात त्यातला फरक, थेट अल्फाच्या पटीत असल्याने जुना आकडा राहिला तर उत्तर 14 टक्क्यांनी कमी येतं. लेप्टॉनच्या (म्युऑनच्या) बाजूला मात्र काहीच फरक पडत नाही, त्यामुळे चूक लपून राहते. गणित चालवण्याआधी पॅरामीटर छापून पाहाच.

फॉर्म फॅक्टर, म्हणजे लॅम्डा-बीचा लॅम्डा होताना क्वार्कच्या बांधणीचा परिणाम सांगणारी फलनं, डेटमोल्ड आणि माइनेल यांच्या 2016 च्या लॅटिस (अवकाश-काळाची जाळी मांडून केलेल्या) गणनेतले. लॅटिसचे बिंदू वरच्या क्यू-वर्गाकडचे. खाली झेड-विस्तार या मालिकेने ताणलेलं, म्हणून तिथे त्रुटी फुगते. शिवाय खालच्या भागात स्पेक्टेटर क्वार्कच्या (बी-क्वार्कसोबतच्या इतर क्वार्कच्या) परिणामांचा भरवशाचा हिशेब बॅरिऑनसाठी नाही. 8 ते 15 च्या पट्ट्यात जे-साय आणि साय-2एस हे चार्म-प्रतिचार्म जोडीचे कण बसलेले. तिथे फंक्शनने आकडा दिला तरी तो प्रयोगाशी ताडून पाहू नये. 15 च्या वर मात्र बिनधास्त वापरा.

निव्वळ हॅड्रॉनी क्षयांसाठी, म्हणजे लॅम्डा-सी किंवा झाय-सीसी या चार्म-क्वार्कवाल्या बॅरिऑनसाठी, याच्या नादी लागू नका. तिथे डब्ल्यू-विनिमयाचे (क्वार्कमध्ये डब्ल्यू-कणाच्या देवाणघेवाणीचे) आलेख फॅक्टराइझ होत नाहीत, म्हणजे सुट्या भागांच्या गुणाकारात मोडत नाहीत, आणि एसयू-3 सममिती किंवा पोल मॉडेल घेऊन हातानेच बसावं लागतं.