चेन ऑइलर बसवायचाय? सलाईन सेट, व्हॅक्यूमवाला की इलेक्ट्रॉनिक

आधी आपल्या गाडीकडे बघा. स्प्लेंडरसारखं चेनवर पूर्ण झाकण असेल तर ऑइलरचा, म्हणजे गाडी चालताना चेनवर आपोआप थेंबथेंब तेल सोडणाऱ्या यंत्राचा, विचार सोडून द्या. त्या चेनपर्यंत चिखल फारसा पोचतच नाही. प्रश्न आहे तो उघड्या चेनच्या गाड्यांचा.

उघड्या चेनला साधारण दर 500 किलोमीटरला तेल लागतं, पण पावसाळ्यात हा हिशेब कोलमडतो. माझी हिमालयन 411 आहे. जुलैत पुण्याहून ताम्हिणीमार्गे दिवेआगरला जाऊन आलो की चेन कोरडी ठणठणीत होते आणि संध्याकाळी करकरायला लागते. ओ-रिंग चेनमध्ये पिनेभोवतीचं ग्रीस रबरी रिंगांनी आत सील केलेलं असतं. बाहेरून तेल लागतं ते रोलर आणि स्प्रॉकेटच्या (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चक्राच्या) दातांना, शिवाय रिंगा सुकू नयेत आणि गंज धरू नये म्हणून. म्हणजे तेल थोडंच हवं, पण सतत हवं. ऑइलर तेवढंच काम करतो, मिनिटाला एखाद-दोन थेंब.

वर्षाला सहा-सात हजार किलोमीटरच्या आत गाडी चालत असेल तर रॉकेल, जुना ब्रश आणि 90 नंबरचं गिअर ऑइल पुरे. पेट्रोलने धुऊ नका, रिंगा खराब होतात. आणि चेन साफ करताना मागचं चाक हातानेच फिरवा. गाडी गिअरमध्ये चालू ठेवून फडकं लावलं तर बोट स्प्रॉकेटमध्ये जातं.

सर्वांत स्वस्त ऑइलर म्हणजे मेडिकलमधून आणलेला सलाईनचा सेट. सीटखाली छोटी बाटली, स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) केबल टायने बांधलेली नळी आणि थेंब कमी-जास्त करायला सेटचंच चाक. मी हा सेट दोन पावसाळे वापरला. चालतो, पण त्याला माणसाची आठवण लागते. चिपळूणला एका रात्री चाक बंद करायचं राहिलं. सकाळी गाडीखाली तेलाचं थारोळं आणि मागच्या टायरच्या कडेला चकाकी. ते साबणाने तीनदा धुतल्याशिवाय मी गाडी हलवली नाही. दुसरी अडचण तापमानाची: महाबळेश्वरच्या पहाटे तेल घट्ट होऊन थेंब जवळपास थांबतो, आणि खाली उतरून ऊन लागलं की तोच दुपटीने पडतो.

व्हॅक्यूमवाल्यांत स्कॉटलंडचा स्कॉटऑइलर जुना आणि नावाजलेला. इंजिनाच्या इनटेकमधल्या (हवा आत घेणाऱ्या नळीतल्या) ओढीने त्याचा व्हॉल्व्ह उघडतो, इंजिन बंद झालं की मिटतो. विसरण्याचा प्रश्नच मिटला. कार्बोरेटरच्या गाडीवर बसवणं सोपं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत मात्र नळी कुठून घ्यायची हे त्या मॉडेलची नीट माहिती असलेल्यानेच ठरवावं. जोड हवा खायला लागला की आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिनाचा वेग) वरखाली होतं. आयात शुल्क धरून खर्च दहा हजारांच्या पुढे जातो.

इलेक्ट्रॉनिकमध्ये पंप असतो, इंजिनाच्या नळीला हात लावावा लागत नाही. पाऊस लागला की थेंब वाढवायचे, उघडला की कमी करायचे. फक्त वायर चावीने चालू-बंद होणाऱ्या लाइनवरून घ्या, आणि फ्यूज टाकायचाच. गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

माझं मत सांगतो. वर्षाला 12-15 हजार किलोमीटर आणि त्यात कोकणचा पाऊस असेल तर इलेक्ट्रॉनिक घ्या. कार्बोरेटरची जुनी गाडी असेल तर व्हॅक्यूमवाला. सलाईन सेट एखाद्या लांबच्या ट्रिपपुरता ठीक, रोजच्या गाडीवर मी तो पुन्हा लावणार नाही.

कोणताही घ्या, खरं कौशल्य नॉझल, म्हणजे तेल सोडणारं नळीचं टोक, बसवण्यात आहे. मागच्या स्प्रॉकेटच्या खालच्या अंगाला, चेन दातांवर चढते त्याच्या जरा आधी, टोक स्प्रॉकेटच्या बाजूला जेमतेम टेकलेलं हवं. चाक फिरताना तेल आपोआप बाहेरच्या कडेला, दातांकडे सरकतं. नॉझल चेनच्या वर धरलं तर वाऱ्याने थेंब टायरवर जातो. बसवल्यावर चाक हाताने दहा-बारा वेळा फिरवून बघा, मग कोणाला तरी मागे बसवून खड्ड्यातून न्या; सस्पेन्शन दबल्यावर नळी ताणली जाते का, ते तेव्हाच कळतं.

पहिल्या 200 किलोमीटरनंतर रिमवर आणि टायरच्या कडेवर पांढरा कागद फिरवा. रिमवर तेलाचे शिंतोडे आले तर थेंब निम्म्यावर आणा. टायरची कडा तेलकट लागली तर गाडी तिथेच थांबवा, टायर धुवा आणि आधी नॉझलची जागा बदला.